गच्चीची चावी आणि कलम चार

काल्हेरच्या आमच्या सोसायटीत विनापरवाना माणसाला नळाला हात लावता येत नाही. हा नियम मी केला आहे. एकूण सात कलमं आहेत आणि सचिव म्हणून त्यांच्याखाली सही माझीच आहे.

त्या रविवारी अकरा वाजता वडप्याहून पाहुणे आमच्या शीतलला बघायला येणार होते. एकुलती एक मुलगी, आणि स्थळ या वेळी तिलाही आवडलं होतं! (आधीची चार तिने फोटोतच नापास केली होती.) बायकोने मला सकाळीच बजावलं होतं, "आज कशातही नियम काढू नका."

सव्वादहाला बाथरूमचा नळ मुळापासून तुटला. पाण्याची धार थेट समोरच्या भिंतीवर! मी घड्याळ लावून पाहिलं. एक मिनिट चाळीस सेकंदांत बादली भरत होती.

"मोजताय काय? गच्चीवरचा कॉक बंद करा!" बायको ओरडली.

गच्चीची चावी माझ्या खिशातच होती. पण कलम चार स्पष्ट आहे : टाकीच्या कॉकला फक्त परवानाधारक प्लंबर हात लावेल.

"चावी आहे ना तुमच्याकडे?"

"चावी आहे. परवाना नाही!"

तिने कपाळाला हात लावला (त्याला परवाना लागत नाही) आणि शेजारच्या चाळीतल्या बबनला फोन केला. बबन पान्हा घेऊन तीन मिनिटांत हजर.

"लायसन्स?" मी त्याला दारातच अडवलं.

"काका, लायसन न्हाय. पन या बिल्डिंगचे सगले पाइप मीच टाकलेत."

"तेव्हा नियम नव्हता."

"मंग नियमालाच सांगा पानी बंद कराला!" असं म्हणून तो जिन्यावर बसला. घरी मात्र गेला नाही. पुढची गंमत त्याला चुकवायची नव्हती.

मी भिवंडीतल्या एका परवानाधारकाला फोन लावला. "वाटेतच आहे," तो म्हणाला. पाणी हॉलमध्ये शिरलं. माझ्या हिशोबाने ते चौदा मिनिटांत सोफ्यापर्यंत यायला हवं होतं. नऊ मिनिटांत आलं!

तेवढ्यात बेल वाजली. दारात साधासा गृहस्थ, हातात कापडी पिशवी.

"या, या! लायसन्स आणलंय?"

तो गोंधळला, पण बिचाऱ्याने पाकिटातून काढून दाखवलं.

"अहो, हे गाडीचं आहे!"

"बाइकवरच आलो ना. बाकीचे मानकोलीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेत."

"एका नळाला किती माणसं? बरं, अनुभव किती?"

"कशाचा?"

"कामाचा!"

"तेहतीस वर्षं. आता रिटायर झालो."

"मग जमायचं नाही! कलम सहा. परवाना चालू असला पाहिजे."

गृहस्थाने पिशवी पुढे केली. "निदान पेढे तरी घ्या."

प्लंबर पेढे आणत नाहीत, हे माझ्या लक्षात यायला चार सेकंद लागले.

"अहो, मुलाचे वडील आहेत ते!" आतून बायकोची किंकाळी आली.

मी काही बोलायच्या आत शीतलने माझ्या खिशातून चावी काढली. नवी साडी खोचून "चल रे बबनदादा!" म्हणत ती जिना चढली. मिनिटभरात पाणी बंद! पाहुणे पँट दुमडून घोटाभर पाण्यात शांतपणे उभे होते.

"नळ तुटला कसा पण?" त्यांनी विचारलं.

शीतल खाली येत म्हणाली, "बाबांनी सकाळी पक्कडीने आवळला. मिनिटाला अठरा थेंब गळत होते म्हणून."

पाहुण्यांनी माझ्या हातावर पेढा ठेवला. "आणि तुमचं लायसन्स?"

लग्न ठरलं. "मुलगी पसंत आहे. फक्त तिच्यासोबत कलमं पाठवू नका," एवढी एकच अट त्यांनी घातली. नळ बबनने बसवला. परवानाधारक प्लंबर साडेपाचला उगवला. लायसन्स घरी विसरला होता!

पुढच्या सभेत सोसायटीने कलम आठ एकमताने मंजूर केलं : सचिवाने पक्कड बाळगू नये. खाली सही माझीच आहे. पक्कड मी बबनकडे जमा केली, रीतसर पोच घेऊन.