लगबगचा अर्ज

चादरीची दोन टोकं माझ्या हातात होती आणि दोन माझ्या धाकट्या जावेच्या. सहा चादरींपैकी ही तिसरी. जवळ येऊन टोकाला टोक लावणार, एवढ्यात दाराची बेल वाजली आणि तिने तिची टोकं सोडून दिली. चादर फरशीवर.

"अगं, धुतलेली आहे ती!" मी ओरडले. पण ती तोवर दार उघडून बोलायलाही लागली होती.

म्हणून तर घरात तिला सगळे लगबग म्हणतात. हे नाव अण्णांनी, म्हणजे आमच्या सासऱ्यांनी, ती लग्न होऊन आल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात ठेवलं. तिचं खरं नाव आता फक्त कागदपत्रांवर उरलं आहे.

दारात तिच्या हॉस्पिटलातल्या मेट्रनबाई उभ्या होत्या. ड्यूटी संपवून घरी जाता जाता आल्या होत्या. हातात पांढरा लिफाफा.

"आत या ना बाई, चहा..."

"चहा नको. हे शिफारसपत्र. एक प्रत थेट कॉलेजला पाठवली आहे, ही तुझी. मी मागे जे लिहिते ते तोंडावर दाखवते. वाच आणि रागव, पण उद्या आठला खिडकीवर हजर राहा."

एवढं बोलून त्या जिना उतरल्यासुद्धा. घाईच्या बाबतीत त्याही काही कमी नाहीत.

हा सगळा खटाटोप कशासाठी, ते आधी लिहिते. लगबग अकरा वर्षं हॉस्पिटलच्या चौकशीच्या खिडकीत बसते. माणसं विचारतात, एक्स-रे कुठे, सहा नंबरचा वॉर्ड कुठे, आणि ही बोट दाखवते. दोन वर्षांपूर्वी एक बाई तिच्याकडे तीनदा आली. तिन्ही वेळा एकच प्रश्न, बिलं भरायची जागा कुठे? तिसऱ्या वेळी लगबगच्या लक्षात आलं की बाईला बिलाचं काही विचारायचंच नाही. तिच्या नवऱ्याला दुसऱ्या दिवशी घरी सोडणार होते आणि घरी त्याला उचलून बसवायला दुसरं माणूस नव्हतं. लगबगने तिला दुसऱ्या मजल्यावरच्या समाजसेविकेकडे नेऊन बसवलं आणि परत येऊन खिडकीत बसली. त्या दिवशी घरी आल्यावर मला म्हणाली, "ताई, मला खालून वरचा मजला दाखवायचा नाही आता. मला वरच बसायचंय."

त्यासाठी समाजकार्याचं दोन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण लागतं. बी.ए. तिने लग्नाआधीच केलं होतं. अडचण एकच, तिच्या हॉस्पिटलातून ज्या सवलतीवर हे शिक्षण घेता येतं, तिला वयाची अट चाळीस. लगबग एकोणचाळीस पूर्ण. म्हणजे या वर्षी नाही, तर नाहीच.

तर लिफाफ्यात काय होतं? पत्र चांगलंच होतं. कामाला चोख, माणसांची ओढ, एकदा पाहिलेला चेहरा विसरत नाही. पण खाली कॉलेजने एक चौकट छापली होती, "उमेदवाराने कोणती गोष्ट सुधारायला हवी?" मी तरी तिथे 'काही नाही' लिहून मोकळी झाले असते. मेट्रनबाईंनी मात्र सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, "ही समोरच्याचं वाक्य स्वतः पूर्ण करते. बहुतेक वेळा बरोबर करते. पण ते वाक्य तिचं नसतं."

लगबग मटकन खुर्चीत बसली. "संपलं. समाजकार्याला जायचं आणि ऐकता येत नाही! हे म्हणजे..."

"पोहता न येणारा जीवरक्षक," तिचा नवरा, म्हणजे आमचे भाऊजी, आतून म्हणाले.

"बघा, माझं वाक्य कोण पूर्ण करतंय ते!"

मुलाखत नऊ दिवसांवर होती. भाऊजींचं म्हणणं, मेट्रनबाईंना गाठून पत्र बदलून घ्यावं. लगबगला क्षणभर ते पटलं असावं, पण मीच म्हटलं, "पत्र कशाला बदलायचं? खोटं कुठे लिहिलंय त्यांनी? सवय बदलू." बोलून गेले खरी, पण बारा वर्षांत जे मला जमलं नाही ते नऊ दिवसांत कसं व्हायचं, ते माझ्या देवालाच ठाऊक.

माझा स्वतःचा एक नेम आहे. सकाळी नामस्मरण पुरं होईपर्यंत मी तोंडातून एक शब्द काढत नाही. दूध उतू जावो, फोन वाजो. सुरुवातीला जीव कासावीस व्हायचा. मग कळलं, बोलण्याची उबळ फार वेळ टिकत नाही. मनात अकरा वेळा नाव घेईतो ती निघून जाते. तेच मी लगबगला सांगितलं. समोरचा थांबला की मनात अकरा वेळा देवाचं नाव घ्यायचं, आणि मगच तोंड उघडायचं.

"अकरा? ताई, तेवढ्यात माणूस उठून घरी जाईल!"

"गेला तर जाऊ दे. कर तर खरं."

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर सराव सुरू झाला. मी मटार सोलत होते. अण्णा झाले गरजू म्हातारे. त्यांनी लगेच पडेल आवाज काढला, "बाई, माझी मुलं मला..."

"विचारत नाहीत?"

"अगं, मला बोलू तर दे! मी म्हणणार होतो, मुलं मला फार जपतात!"

भाऊजी हसून हसून टेबलावर आडवे. पहिले तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी ती टेबलाखाली बोटं मोजायला लागली. पाचव्या दिवशी सात आकड्यांपर्यंत मजल गेली. तिच्या गालांवरून कळायचं. ते फुगायचे, फुगे फुगावेत तसे.

सहाव्या दिवशी अण्णा म्हणाले, "मी हल्ली वर्तमानपत्र वाचत नाही."

लगबगने तोंड उघडलं आणि मिटलं. मी मटार सोलायची थांबले. अण्णा टेबलावरचा एक दाणा बोटाने इकडून तिकडे सरकवत राहिले. तिचे आठ झाले असतील, नऊ झाले असतील.

"वाचत नाही म्हणजे, दिसतच नाही," ते म्हणाले. "उजव्या डोळ्यापुढे धुकं आहे. पावणेतीन महिने झाले."

"वा अण्णा!" भाऊजींनी टाळी वाजवली. "काय नट आहात!"

अण्णा हसले नाहीत. मग आम्हाला कळलं.

भाऊजी चष्म्याच्या दुकानात कामाला आहेत. जगाला चष्मे लावतात. दर सहा महिन्यांनी ते अण्णांना दुकानात नेऊन अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवत. अण्णांनी तो तक्ता पाठ करून ठेवला होता! वरपासून खालपर्यंत, शेवटच्या बारीक ओळीसकट. मुलाच्या कामाच्या धबडग्यात आपल्या डोळ्याची भर नको, आणि ऑपरेशनची भीतीही होती.

लगबग ताडकन उठली. पायात चपला घालून, पर्स खांद्याला लावून दाराशी पोचली. "चला अण्णा, डोळ्यांचा विभाग सहापर्यंत..."

"हे बघ," अण्णा म्हणाले. "म्हणूनच सांगितलं नव्हतं मी कुणाला."

ती दाराशीच थांबली. मी पाहत होते, ओठ हलत होते, पुरे अकरा. मग तिने चपला काढल्या, परत येऊन खुर्चीवर बसली आणि विचारलं, "मग तुम्हाला कसं करायचंय, अण्णा?"

त्यांनी जरा विचार केला. "उद्या नको. परवा. आणि याच्याबरोबर नाही, तुझ्याबरोबर. हा मला तक्त्यावरून बोलेल."

भाऊजींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण गप्प राहिले. आमच्या घरात त्या आठवड्यात सगळेच गप्प राहायला शिकत होते.

ठरल्या दिवशी दोघं जाऊन आली. मोतीबिंदू. ऑपरेशनची तारीख मिळाली.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी लगबगने अण्णांना विचारलं, "तुमची गोष्ट तिथे सांगितली तर चालेल का?"

"सांग की. फक्त तक्ता पाठ केल्याचं सांगू नकोस. शिकलेली माणसं असतील तिथे, हसतील मला."

मुलाखतीहून आल्यावर तिने सगळं सांगितलं ते असं. टेबलामागे तिघं होती. एक केस पिकलेले प्राध्यापक, एक बालगृह चालवणाऱ्या बाई आणि एक जण नुसतेच लिहून घेणारे. बाईंनी मेट्रनबाईंचं पत्र पुढे ओढलं. "यात लिहिलंय की तुम्ही लोकांची वाक्यं पूर्ण करता. मग त्यावर तुम्ही..."

"...काय केलं, असंच ना?" लगबग म्हणाली आणि लगेच तिने स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

तिघंही हसली. लिहून घेणाऱ्यांचं पेनच खाली पडलं. ती म्हणते, ताई, त्या वेळी वाटलं, इथेच जमीन दुभंगावी. पण मग तिने अण्णांच्या डोळ्याचं सांगितलं. शांतपणे, दारापर्यंत चपला घालून गेल्याचंही.

प्राध्यापकांनी विचारलं, "पण घरात चष्म्याच्या दुकानात काम करणारा माणूस असताना तीन महिने कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?"

आता खरी गोष्ट तक्त्यातच होती. जिभेवर आली होती. तिने मनात मोजायला सुरुवात केली. अकरा झाले.

"त्याचं कारण मला माहीत आहे," ती म्हणाली, "पण ते सांगायची त्यांनी मला परवानगी दिलेली नाही."

प्राध्यापकांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. "बरं," एवढंच म्हणाले. मुलाखत संपली.

घरी येऊन ती रडवेली. "उत्तरच दिलं नाही मी, ताई! सरळ प्रश्न विचारला आणि मी नाही म्हटलं!"

मी प्रार्थनेला बसले. आधी मागणार होते, हिला जागा मिळू दे. मग वाटलं, देवाला असं दरडावणं बरं नव्हे. म्हटलं, आज ती जशी थांबली, तसं तिला थांबता येऊ दे. पण खरं लिहायचं तर उठता उठता 'आणि जागाही' असं पुटपुटलेच.

तेरा दिवसांनी यादी लागली. लगबगने फोनवर ती उघडली आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः न वाचता फोन माझ्या हातात दिला. "तुम्ही बघा." बावीस नावांत तिचं नाव एकोणिसावं. मी मोठ्याने वाचलं. "मला वाटलंच होतं, तू..." एवढंच भाऊजी म्हणाले. ते तसेच तिच्या खुर्चीशी उभे राहिले. तिनेही त्यांचं वाक्य पूर्ण केलं नाही.

मेट्रनबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "मिळणारच होती. दुपारची पाळी लावते तुला, सकाळी कॉलेज कर. आणि आता फोन ठेव, वॉर्डात राउंड आहे."

तक्त्याची गोष्ट मी इथे लिहिली कशी, असं कुणी विचारेल. अण्णांनीच परवानगी दिली. ऑपरेशन झाल्यापासून डोळ्याला हिरवी पट्टी लावून ते स्वतःच भेटेल त्याला सांगत सुटलेत, वर तक्ता म्हणूनही दाखवतात. परवा दूधवाल्याला दोनदा ऐकवला.

प्रवेश पक्का करायला मूळ गुणपत्रिका लागते, आणि तिची मूळ प्रत लग्नाच्या गडबडीत जुन्या कॉलेजातून आणायचीच राहून गेली होती. तेव्हा उद्या सकाळी दहाला लगबगला जुन्या कॉलेजच्या ऑफिसात जाऊन ती गुणपत्रिका आणायची आहे.