आधी मागची भिंत

आई कुठल्याही इमारतीत सरळ पुढच्या दाराने गेल्याचं मला आठवत नाही. आधी ती मागे जाऊन भिंत बघून यायची. दवाखाना असो, मंगल कार्यालय असो, नाहीतर नात्यातल्या कुणाची वास्तुशांत असो. यजमान दारात स्वागताला उभे आणि आई मागच्या अंगाला, पाण्याच्या टाकीपाशी, मान वर करून उभी. माझ्या मावसबहिणीच्या लग्नात ती अशीच हॉलला चक्कर मारून आली आणि भर पंगतीत म्हणाली, "इथून नवरी पयाली त कोणाच्या बापाले पत्ता लागणार नाई." शेजारच्या पाटावर नवरदेवाचे वडील जेवत होते. पुढचं जेवण त्यांनी ताट हातात घेऊन, नवरीच्या खोलीसमोर उभं राहून उरकलं.

यात आईचा दोष नव्हता, तिच्या नोकरीचा होता. पिपरी मेघेतल्या एका मुलींच्या हॉस्टेलची ती रेक्टर होती. फाटकाला लागूनच आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर. बाबा रोज पुलगावला डेपोत अपडाऊन करायचे. त्या सगळ्या आवारात ते एकटेच पुरुष, आणि तेही बहुतेक वेळ रेल्वेत. मुली आईला 'पेट्रोलिंग' म्हणत. चपला हातात घेऊन ती जिन्यावरून अशी वर यायची की "पेट्रोलिंग आलं!" असं ओरडणारीच्या पाठीमागेच ती उभी असायची. हे नाव तिला माहीत होतं, आणि मनातून आवडतही होतं.

मुलींच्या थापांवर तिचा मोठा व्यासंग होता. "पोट्टी खोटं बोलते तवा लय सांगते," ती म्हणायची. "खरं कारण एका वाक्यात संपते. खोट्यात आत्या येते, आत्याचा दीर येते, दिराची मोटरसायकल येते." सुटीच्या अर्जांमधून जिल्ह्यातल्या आत्यांची तिने इतकी लग्नं लागलेली पाहिली होती की खरीखुरी पत्रिका आली तरी ती उलटसुलट करून बघायची. एका मुलीची आजी तर वर्षभरात तीनदा वारली. चौथ्यांदा ती मुलगी दारात आली आणि नुसतीच "मॅडम, आजी" एवढं म्हणाली. आईने काही विचारलं नाही. गॅस बंद केला, पर्स उचलली, आणि तिला घेऊन बसस्टँडवर गेली. तिथून एकटी परत येईल असं आम्हाला वाटलं होतं. ती थेट आर्वीला मुलीच्या घरी जाऊन मातीला थांबून आली.

अशा बाईची मुलगी असणं सोपं नव्हतं. कुणी पकडलं गेलं की चुगली मीच केली असणार, हे ठरलेलं. मी गच्चीवर गेले की गाणी बंद पडायची. मेसमध्ये माझ्या शेजारची खुर्ची नेहमी रिकामी असायची, आणि मुली माझ्याशी बोलायच्या ते अगदी शुद्ध, आदराने, जणू मीच कुठला अर्ज मंजूर करणार आहे. बारावीनंतर मला भूशास्त्र शिकायचं होतं हे खरं, पण त्याहून मोठं खरं हे होतं की मला एखाद्या हॉस्टेलात साधी मुलगी म्हणून राहायचं होतं. म्हणून मी पुणं म्हटलं.

"दगडच पाह्याचे त पुण्याले काऊन?" आई म्हणाली. "इकडे काय दगडं नाईत? आपल्या मागच्या टेकडीवर जा, दिवसभर पाहत बस."

पण बाबांनी माझी बाजू घेतली, आणि बाबा वर्षातून एखादीच बाजू घेत असल्यामुळे आईला विचार करावा लागला. शेवटी तोडगा निघाला. अमरावती, संभाजीनगर, पुणे अशी तिन्ही ठिकाणं गाडीने जाऊन पाहायची. "कॉलेज तू पाहजो, हॉस्टेल मी पाहीन," आईने जाहीर केलं. प्रत्येक रेक्टरबाईला एक, असे गोरसपाकाचे, म्हणजे आमच्या वर्ध्याच्या तुपातल्या बिस्किटांचे, तीन पुडे बांधून घेतले. वर्ध्याचं माणूस रिकाम्या हाताने गेलं असं कुणी म्हणायला नको.

बाबांना पुलगावला सोडून आम्ही पुढे निघालो. गाडी आईच चालवत होती. समृद्धी महामार्गावर जायला ती तयार नव्हती, कारण त्या रस्त्यावर कुणी विचारपूस करायला भेटत नाही. गाडी चालवताना ती समोरच्या रस्त्यापेक्षा कडेची कुंपणं जास्त बघायची. "या शाळेच्या कुंपणाले काही अर्थ नाई," असं म्हणत ट्रकला ओव्हरटेक करायची आणि मी डोळे मिटून घ्यायचे.

अमरावतीला मी कॉलेज बघत असताना आई गाडीतून उतरलीसुद्धा नाही. "कॉलेजातून कोणी पयत नाई, आधी कोणी जातच नाई," हे तिचं मत. हॉस्टेल आलं तशी मात्र ती चपळाईने मागे गेली, आणि परतली ती सरळ रेक्टरबाईंच्या खोलीत. "नमस्कार. मी पण रेक्टर. तुमच्या वरच्या बाथरूमच्या खिडकीचा गज निघते बरं. साडी बांधून उतरून राह्यल्या पोट्ट्या. कोणाचा पाय मोडन एखाद्या दिवशी."

त्या बाई आधी रागावल्या, मग घाबरल्या, मग त्यांनी गोरसपाक खाल्ला, आणि अर्ध्या तासात दोघी जन्माच्या मैत्रिणी झाल्या. आम्ही निघालो तेव्हा वेल्डिंगवाला फाटकातून आत शिरत होता. वरच्या सगळ्या खिडक्यांमध्ये मुली उभ्या होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. त्या हॉस्टेलात मी गेले असते, तर पहिल्याच दिवशी माझ्या उशीत खाजकुयली निघाली असती.

"अमरावती नको," मी गाडीत म्हणाले.

"काऊन? बाई तं चांगली होती."

संभाजीनगरला मी हात जोडून विनवणी केली, की तू रेक्टर आहेस हे निदान इथे सांगू नकोस. तिने मान हलवली. पण सांगायची वेळच आली नाही. रेक्टरच्या खोलीचं दार उघडलं, आतून एक किंचाळी ऐकू आली, आणि एक धडधाकट बाई येऊन आईच्या पाया पडली. ती आईच्या हॉस्टेलात राहिलेली देवळीची मुलगी निघाली. "मॅडम, तुमच्याचमुळे मी या लाइनमंधी आली!" तिने चहा मागवला, पोहे मागवले, आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "काही टेन्शन घेऊ नोका. कॅमेऱ्यासमोरची खोली देतो हिले. माह्या खोलीला लागून. रोज संध्याकाळी तुमाले फोन."

मी पोह्यांची बशी खाली ठेवली.

चहा पिता पिता ती बाई लाजत म्हणाली, "मॅडम, आता सांगाले हरकत नाई. मी मेसच्या मागून, दूधवाल्याच्या दारातून जात होती. तुमाले कधीच समजलं नाई."

"समजलं होतं ना," आई म्हणाली. "तू वापस येतपर्यंत मी खिडकीत उभी होती."

बाईंचा कप तसाच हवेत राहिला. "मंग बंद काऊन नाई केलं?"

"एक जागा ठेवा लागते, बाई. पडाची भीती हाय ते बुजवाची. जिथून धड जाता येते, धड येता येते, ते राहू द्याची. सगळंच बुजवलं त पोट्ट्या नवीन शोधतात, आणि ते मले माहीत नसते."

इतकी वर्षं तिच्या घरात राहून मला हे ठाऊक नव्हतं. तरीही संभाजीनगरलाही मी नको म्हणाले. नगर येईपर्यंत आईने एकाही कुंपणावर शेरा मारला नाही, तेव्हा मला जरा काळजी वाटायला लागली.

पुण्याचं कॉलेज मला पाहताक्षणी आवडलं. हॉस्टेलच्या रेक्टरबाई उंच, शिडशिडीत, मोजकं बोलणाऱ्या. "आमच्या भिंतीतून मांजरसुद्धा आत येत नाही," त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं. मी आईकडे पाहिलं. हे ऐकल्यावर ती गप्प बसणं शक्यच नव्हतं. "मी जरा हातपाय धुऊन येते," ती म्हणाली आणि गेली.

रेक्टरबाई मला नियम सांगत होत्या. त्यांची पाठ खिडकीकडे होती, माझं तोंड. पंधरा-वीस मिनिटांनी मला खिडकीतून आई दिसली, आणि ती फाटकाच्या बाहेरच्या बाजूने, रस्त्यावरून, चालत येत होती. केसात वाळलेली पानं, पदर कमरेला खोचलेला, एका कोपराला खरचटलेलं. चौकीदार उठून उभा राहिला. त्यांचं बोलणं काही आमच्यापर्यंत आलं नाही, ते आईने मला नंतर सांगितलं.

"काकू, तुम्ही तर आत गेल्या होत्या ना?"

"गेलती."

"मग बाहेर कशा?"

"ते तुम्ही मले सांगा. पहारा तुम्ही करून राह्यले."

त्याने एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे बघितलं आणि मुकाट्याने फाटक उघडलं.

मी जीव मुठीत धरून बसले. आता ही आत येणार, जागा दाखवणार, गवंडी येणार, आणि पुण्यातल्याही खिडक्यांमधून मुली माझ्याकडे बघणार. आई आत आली, खुर्चीत बसली, पदर सारखा केला. रेक्टरबाईंनी तिच्या केसातली पानं पाहिली आणि हसून विचारलं, "पाहून आलात वाटतं मागे? बहुतेक पालक जातात. काही सापडलं?"

"नाही," आई म्हणाली. "भिंत मजबूत आहे."

"आणि आपण काय करता?"

आईने माझ्याकडे पाहिलं नाही. "मी घरीच असते," ती म्हणाली, अगदी शुद्ध मराठीत.

पंचवीस वर्षं हॉस्टेल चालवलेली बाई, लग्नाच्या पंगतीतही आपली नोकरी न विसरणारी, हे म्हणत होती. मला काय वाटलं ते मी त्या वेळी सांगू शकले नसते. आनंद तर होताच, पण कुणीतरी तिचा अपमान केला आणि तो मी केला, असंही वाटलं. गोरसपाकाचा तिसरा पुडा पर्समधून बाहेर आलाच नाही. परतीच्या वाटेवर रांजणगावच्या पुढे एका झाडाखाली गाडी लावून आम्हीच तो खाल्ला.

"खोटं काऊन बोलली वं आई?" मी विचारलं.

"मंग काय करू? तुले काय वाटते, मले दिसत नव्हतं? तू गच्चीवर गेली का पोट्ट्या गाणं बंद करत होत्या. खाली मले ऐकू येत होतं ना." तिने मांडीवरचा चुरा झटकला. "नोकरी माही होती, शिक्षा तुले झाली. इथं तरी नोको."

कॉलेज सुरू झालं तेव्हा ती मला सोडायला आली. बाबाही आले होते आणि गादी उचलून दमले होते. निघताना आईने उपदेश केला नाही, फोन कधी करायचा ते सांगितलं नाही, रडलीही नाही. गाडीत बसून काच खाली केली आणि मला जवळ बोलावलं.

"मागच्या भिंतीले, जांभळीच्या मागून जागा हाय. आताच पाहून आली. पण सध्या तिथं कुत्री व्याली हाय. पिल्लं मोठी होतपर्यंत तिकडे जाऊ नोको, ते चावते."

बाबांनी "कुठली कुत्री?" विचारलं, आणि गाडी निघून गेली.

मी वर खोलीत आले. दोन मुली आधीच येऊन सामान लावत होत्या. त्यांनी माझ्यासाठी एक खुर्ची रिकामी करून जवळ ओढली. गाव कुठलं, विषय कुठला, सगळं विचारून झाल्यावर एकीने विचारलं, "आई काय करते तुझी?"

घरीच असते, एवढं म्हटलं की झालं असतं. त्यासाठीच तर सगळं चाललं होतं.

"रेक्टर आहे," मी म्हणाले. "तिच्याएवढी चांगली रेक्टर तुम्ही जन्मात पाहिली नसेल." आणि मग मला रडू आवरेना.