जागेला कान लावणारा साडू

एकोणीसशे अठ्ठावीस साल. मी तेव्हा एकतीस वर्षांचा, जळगावात कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनात मिस्तरी. त्या काळी चार माणसांना बसायला कुठली जागा चांगली, हे साऱ्या खानदेशात माझ्या साडूइतकं कुणालाच कळत नव्हतं. कलेक्टरलाही नाही. मी मराठी तिसरीतून उठलो, त्यामुळं लिहिताना इकडचं तिकडं होईल. पण ही गोष्ट दुसऱ्या कुणाच्या हातून लिहवून घ्यायची नाही, असं मी ठरवलं आहे.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. मूळचा पारोळ्याचा, जळगावच्या कापूसबाजारात मापाडी. अंगानं काडी, पण कान असे की दुरून आधी तेच दिसावेत. कुठल्याही इमारतीत शिरला की आधी तो जोडे काढायचा, मग एकदा टाळी वाजवायचा आणि मान कलती करून उभा राहायचा. लाउडस्पीकर तेव्हा आमच्याकडं आलेला नव्हता. बोलणाऱ्याची छाती आणि जागेची भिंत, एवढ्यावर सभा चालायची. भिंतीला मात्र कुणी विचारत नव्हतं. हा विचारायचा. त्याच्या लेखी काही जागा मुक्या होत्या, काही बडबड्या आणि काही चुगलखोर. धरणगावची एक धर्मशाळा चुगलखोर. तिथं या कोपऱ्यातली कुजबूज कमानीवरून चढून थेट त्या कोपऱ्यात उतरायची. एका वऱ्हाडात सासू इकडं जे पुटपुटली ते सुनेनं तिकडं अक्षर न अक्षर ऐकलं आणि लग्नाआधीच वेगळं बिऱ्हाड मागितलं. साडू त्या भांडणाच्या मधोमध उभा राहून कमानीकडं बोट दाखवत होता, "यांचा दोष नाही हो, बांधणाऱ्याचा आहे!"

बहिणीसाठी स्थळ पाहायला गेला तर मुलाच्या बापानं विचारलं, "घर कसं वाटलं?" हा म्हणाला, "ओसरी दीडशे माणसांची आहे, पण आवाज सगळा स्वयंपाकघरात पळतो." ते स्थळ मोडलं. धुळ्याच्या कोर्टात साक्षीला उभा राहिला तेव्हा न्यायाधीशालाच म्हणाला, "साहेब, व्हरांड्यात बसा, इथं अर्धा न्याय छतात जातो." एदलाबादला आम्ही जोडीनं मुक्ताबाईच्या दर्शनाला गेलो होतो. सगळे हात जोडून उभे, आणि हा पार मागं जाऊन बायकोला खुणा करतोय की तिथूनच हळू काहीतरी बोल. ती बिचारी चिडून पुटपुटली, "तुमचं डोकं फिरलं आहे." हा तिकडून आनंदानं आपल्या अहिराणीत ओरडला, "बठ्ठं ऐकू उनं!" म्हणजे सगळं ऐकू आलं. पारोळ्याच्या किल्ल्यात त्यानं मला आख्खा दिवस उन्हात फिरवलं होतं. या बुरुजाखाली अध्यक्ष, त्या तटाच्या सावलीत पंगत, खंदकाच्या काठानं बैलगाड्या. किल्ल्यात तेव्हा बाभळी आणि घोरपडी. पण तो बोलायला लागला की बाभळीसुद्धा सतरंजीवर मांडी घालून बसल्यासारख्या वाटायच्या. एवढं सगळं माहीत, पण बापड्याला विचारलं कुणी नव्हतं. त्याचं तेवढंच मागणं होतं, एकदा कुणीतरी मोठ्या कामासाठी आपल्याला जागा विचारावी.

त्या साली पौषात कापूस पिकवणाऱ्यांची परिषद जळगावात भरायची ठरली. चिटणीस एक वकील होता. त्यानं खरोखरच साडूला बोलावून सांगितलं, "जागा तुम्ही निवडा." साडू घरी आला तो जेवलाच नाही. आठ दिवस गावभर टाळ्या वाजवत फिरला. नाटकगृह बाद केलं, कारण मागच्यांना नटापेक्षा पडद्याआडून सांगणाराच जास्त ऐकू येतो. शाळा बाद, मंगल कार्यालय बाद. शेवटी माझ्या जिनाची शेड. वर पत्रा, पण हंगामाचे दिवस, तिन्ही भिंतींना आढ्यापर्यंत कापसाचे ढीग. त्यानं टाळी वाजवली, ती परत आलीच नाही. मग मला एका टोकाला उभं करून तो दुसऱ्या टोकाला गेला आणि हळू काहीतरी बोला म्हणाला. मी तोंडातल्या तोंडात म्हटलं, "जेवायला चल." तो तिकडून चालत आला आणि म्हणाला, "चला."

मालकानं परिषदेचा आणि आदला असे दोन दिवस जिन बंद ठेवायला परवानगी दिली. संध्याकाळी मेहरूणच्या तलावाकाठी पाहुण्यांना भरिताचं जेवण, हेही साडूनंच ठरवलं. दारात बिड्या-काड्या काढून घ्यायला चार पैलवान नेमले. धुळ्याच्या पाहुण्यांना आणायला निघताना मला म्हणाला, "भाऊ, हाऊ कापूस हालवू नका. कापूसमुये आवाज घुमत नही."

आता मला सांगा, माझ्या शेडीत काय हलवायचं हे मापाड्यानं मला सांगायचं? अध्यक्ष काय कापसाच्या ढिगात कोंबडीसारखा बसणार? बाहेरगावचे लोक म्हणणार, या मिस्तरीला झाडू माहीत नाही. तो गेला आणि मी माणसं लावून सगळा कापूस मागच्या वखारीत हलवला, भिंतींना चुना दिला, पताका बांधल्या. शेड अशी दिसायला लागली की तिथं माझंच पुन्हा लग्न लावावं.

परिषदेच्या दिवशी साडू पाहुण्यांना घेऊन दारात आला आणि थबकला. टाळी वाजवली. ती चार वेळा परत आली. त्यानं माझ्याकडं पाहिलं.

"कसं दिसतंय?" मी विचारलं.

"दिसस भारी," तो म्हणाला. बस, एवढंच.

वकिलानं बोलायला सुरुवात केली. त्याचं पहिलं वाक्य पत्र्याला धडकून खाली येईपर्यंत दुसरं निघालं, आणि दोघांची वाटेत मारामारी झाली. माझ्या शेजारच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "एका वेळी किती जण बोलताहेत?" मागचे हसायला लागले, पुढचे ओरडायला. वकील लालबुंद झाला. "ही जागा कुणी पाहिली?" मी खांबाला टेकून उभा होतो. साडूनं माझ्याकडं बोट दाखवलं असतं तरी चाललं असतं. तो खोक्यावर चढला. "चुकी मनी शे. जागा मीच निवडी. सतरंज्या उचला, तलाववर चाला."

सगळी परिषद सतरंज्या खांद्यावर घेऊन मेहरूणला गेली. तिथं कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या काड्या पेटलेल्या, वांगी भाजताहेत, धूर नेमका अध्यक्षांच्या अंगावर. ते कापसाच्या भावावर बोलताहेत, खोकताहेत, आणि मागं बाया काठवटीत वांगी कुटताहेत, धब धब. ठराव मंजूर झाला तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. शेतकरी पोटभर हसले आणि पोटभर जेवले. पण गावानं तिथल्या तिथं नाव पाडलं, वांग्यांची परिषद. वकिलानं पंगतीसमोर साडूला सुनावलं, "तुम्ही मापाडी. मापंच करा." तो "बरं साहेब" म्हणाला आणि वाढत राहिला. माझ्या पानाशी आल्यावर त्यानं भरीत जास्तच घातलं. "खा भाऊ. शेड दिखत व्हती मात्र भारी." तो टोमणा होता की मनापासून, याचा मी चाळीस वर्षं विचार करतो आहे.

घरी येताना वाटेत रामाचं देऊळ लागलं. तो आत गेला, नमस्कार केला आणि दोन्ही हात बगलेत धरून बाहेर आला. मी बाहेर उभा राहून टाळीची वाट पाहत होतो. वाजली नाही.

आता तो नाही. हल्ली कर्णे लावतात, कुठंही बसवलं तरी सगळ्यांना सगळं ऐकू येतं आणि कोण काय बोललं ते कुणाच्या लक्षात राहत नाही. कधी नव्या सभागृहात गेलो की वाटतं, हा असता तर काय म्हणाला असता. मग मी इकडंतिकडं पाहतो आणि गपचूप खाली बसतो.

मी उभ्या जन्मात कुणाची माफी मागितलेली नाही. त्याचीही नाही. पण परिषदेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी फेटा खुंटीवरच ठेवला आणि बोडक्या डोक्यानं भर बाजारातून निघालो. वाटेत दोघांनी घाबरून विचारलं, "मिस्तरी, कोण गेलं?" मी म्हटलं, "कुणी नाही." वकिलाच्या ओसरीवर परिषदेची मंडळी चहाला जमली होती, कालचंच हसणं चाललं होतं. मी पायरीवर उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो, "कापूस मी काढला. त्यानं नको सांगितलं होतं."

वकील म्हणाला, "मग काल का नाही बोललात?"

"काल डोक्यावर फेटा होता," मी म्हणालो, आणि चहा न घेता कामावर गेलो.