वर्षभराची बिलं म्हणजे उत्पन्न नव्हे

धान उफणायचे सतरा पंखे, राइस मिलच्या अकरा चाळण्या आणि राहत्या घराचं गेट, हे सगळं मी कुठं न शिकता माझ्या वेल्डिंगच्या दुकानात स्वतःच्या हातांनी बनवलं. मापात सूतभर फरक नाही.

मित्रांनो, आज मुलीची फी भरायला तुमसरच्या कॉलेजात गेलो. बाबूंनी उत्पन्नाचा दाखला पाहिला. "भाऊ, नऊ लाख चाळीस हजार? आठ लाखांच्या आत पाहिजे. शिष्यवृत्तीत नाही बसत."

"गिऱ्हाइकांना दिलेली वर्षाची सगळी बिलं धरली. रुपया लपवला नाही," मी ताठ मानेनं सांगितलं.

"मंग लोखंड, मजुरी तुमाले फुकट भेटून राहिली का? ते वजा करून उरते, ते उत्पन्न."

हिशोब केला. उरत होते दोन लाख पंच्याऐंशी हजार. पण अर्जाची मुदत कालच संपली होती.

सोबत आलेली मुलगी म्हणाली, "राहू द्या बाबा, होस्टेल नाही घेत. गावाहून रोज एसटीनं येत जाईन."

दाखला काढताना आधी खर्च वजा करा. तो खोटेपणा नव्हे. दाखला हातात दिला तेव्हाच सेतू केंद्रातल्या ताई मला म्हणाल्या होत्या, "खर्चाचे कागद आणा, दाखला नवा करून देते." "मी खोटं लिहीत नाही," म्हणून मी उठून आलो. त्या दिवशी मी नाकारलेली ती शिष्यवृत्ती अठ्ठेचाळीस हजार सहाशे रुपयांची होती.