खंडाळ्याच्या भाऊंची फट

आमच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये जेवढं लाकूड आहे, तेवढं सगळ्या मावळच्या जंगलात नसेल. ग्रुप सुतारकामाचा आहे आणि त्यात सुतार औषधालाही नाही. वडगावचे एक वकील आहेत. दोन तारखांच्या मधल्या वेळात ते कोर्टाच्या व्हरांड्यात बसून रंधा मारायचे व्हिडिओ बघतात, आणि घरी जाऊन असा काही रंधा मारतात की फळीची पट्टी होते आणि पट्टीची दातकोरणी. शिरगावच्या एक मावशी आहेत. देवळाच्या वाटेवर त्यांचं हार-नारळाचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की त्या गल्ल्यामागे बसून पोळपाट कोरतात. आणि मी, तळेगावचा निवृत्त चित्रकलेचा मास्तर. निवृत्तीनंतर मी स्वयंपाकघरात लक्ष घालायला लागलो, तेव्हा बायकोने घाईघाईने मागची पडवी माझ्या नावे केली. बाकीची मंडळी तळेगाव ते लोणावळा अशी पसरलेली.

गंमत अशी की आम्ही कुणी कुणाचं तोंड पाहिलेलं नव्हतं. फोटो असायचे ते वस्तूंचे, आणि त्यात आलेच तर हात. त्यामुळे आम्ही एकमेकांना हातांवरून ओळखायचो. हिरव्या बांगड्या आणि डाव्या अंगठ्याचं वाकडं नख म्हणजे मावशी. पाचांपैकी किमान दोन बोटांना चिकटपट्टी म्हणजे वकील.

या सगळ्यांवर वचक एकाच माणसाचा, खंडाळ्याच्या भाऊंचा. भाऊंची सगळी नोकरी घाटातल्या रेल्वेत, रुळांचे सांधे तपासण्यात गेली. दोन रुळांमधली फट बरोबर आहे की नाही हे बघत ते आयुष्यभर बोगद्यांतून चालले. निवृत्त झाले आणि तीच नजर त्यांनी आमच्याकडे वळवली. ग्रुपवर खुर्चीचा फोटो पडला की भाऊंचा शेरा आलाच: "रुळाला फट ठेवावी लागती. खुर्चीला कशापायी ठेवली?" वकिलांच्या पहिल्या टीव्ही स्टँडबद्दल त्यांनी लिहिलं होतं की यातून मालगाडी जाईल, मागच्या ढकलणाऱ्या इंजिनासकट. वकिलांनी तोवर त्याला तीन हात पॉलिश केलं होतं. ते सगळं खरवडून काढताना त्यांनी इतका भुसा उडवला की म्हणे वडगावात दोन दिवस ऊन पिवळं पडत होतं. तेव्हापासून ग्रुपचा कायदाच झाला की भाऊंनी पास केल्याशिवाय कुणी पॉलिशचा डबा उघडायचा नाही.

गेल्या वर्षभरात भाऊंचे शेरे फार आखूड झाले होते. पूर्वी चार ओळी यायच्या, आता एकच शब्द यायचा. फट. कुठे, किती, काही नाही. आम्हाला वाटलं, भाऊ अधिकच कडक झाले. एकेक वस्तू आम्ही तीनतीनदा सुटी करायचो, तेव्हा कुठे ते "चालंल" म्हणायचे.

आणि गेल्या आषाढात भाऊ गप्प झाले. एक आठवडा गेला, दुसरा गेला. फोन लावला तर बंद. मोठ्या ग्रुपमध्ये माणसं येतात-जातात, कुणाला फारसं कळत नाही. आमच्याकडे मात्र हाहाकार माजला, कारण पॉलिशच थांबलं. लोणावळ्यापासून तळेगावपर्यंत घराघरांत उघड्या लाकडाचे स्टूल, मांडण्या, पाट भाऊंची वाट बघत बसले. त्यात मावळातली पावसाळी हवा. वकिलांच्या उघड्या पलंगावर बुरशी आली. त्यांच्या मते तिला पुढे छत्र्याही फुटल्या आणि त्यांची भाजी झाली. भाजीचं मला माहीत नाही, पण पलंगावर झोपायची बंदी होती हे खरं.

माझी अडचण त्याहून मोठी होती. मुलगी बाळंतपणाला आली होती, नात झाली होती आणि बारसं आमच्याच घरी ठरलं होतं. भाऊ गप्प होण्याआधीच मी ग्रुपवर घोषणा केली होती की बाळ निजेल ते आजोबांच्या हातच्या पाळण्यात. एका पाडलेल्या बंगल्याचं जुनं सागवान मिळवून मी पाळणा उभाही केला. फक्त तेल आणि मेण लावायचं राहिलं होतं. लहान बाळाच्या पाळण्याला दुसरं पॉलिश कोण लावतो? पण भाऊंचा शेरा नाही. बायको म्हणाली, "लावून टाका की. त्यांना कोण सांगणार आहे?" मी म्हटलं, असं चालत नाही. ती म्हणाली, मग पाळणा होईल तोवर नात त्याला हात धरून शाळेत नेईल.

आम्ही भाऊंना आमिष दाखवायचं ठरवलं. कल्पना मावशींची. सगळ्यांनी मुद्दाम घाणेरडे सांधे करायचे आणि फोटो टाकायचे. भाऊ जिवंत असतील तर त्यांना राहवणार नाही. त्या दिवशी ग्रुपवर अशा अशा फटी आल्या की काय सांगू. मावशींच्या पाटाच्या फटीत पाल निवांत बसली होती. माझ्या फळीतून पलीकडचा घोरावडेश्वराचा डोंगर दिसत होता. वकिलांनी नेहमीसारखंच काम केलं, आणि पहिला नंबर त्यांचाच आला. भाऊंकडून अक्षर नाही. आम्ही दिवसभर फोनकडे बघत हसलो आणि संध्याकाळी अचानक कुणालाच हसू येईना.

बारसं दोन दिवसांवर आलं, तेव्हा मी वकिलांना फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कोर्ट सोडून जीप घेऊन आले. पाळणा मागे बांधला, सोमाटण्याच्या फाट्यावर मावशींना घेतलं. छत्री धरलेला हात दिसला, बांगड्या दिसल्या, नख दिसलं, आणि आम्ही बेधडक गाडी थांबवली. त्यांनी वकिलांची चिकटपट्टी बघितली आणि काही न विचारता चढून बसल्या.

खंडाळ्यात पोचलो आणि लक्षात आलं की आम्हाला भाऊंचं नाव माहीत नाही, घर माहीत नाही. माझ्या फोनमध्ये त्यांचं नाव 'खंडाळा फट' असं आहे. धुकं असं की जीपच्या बॉनेटवर बसलेला कावळाही वकिलांना नीट दिसेना. शेवटी एका चहाच्या टपरीवर थांबलो. मी बाकावर बसायला गेलो तर चहावाला म्हणाला, "साहेब, त्या टोकाला नको, ते पास झालेलं न्हाई."

मावशींनी माझ्याकडे बघितलं. चहावाल्याने सांगितलं की रेल्वेतले एक भाऊ बसायच्या आधी रोज बाक हलवून बघतात आणि तेवढं टोक त्यांनी नापास केलंय. हल्ली येत नाहीत. घर हे काय, उतारावरचं तिसरं.

दार सुनेने उघडलं. आत खुर्चीवर काळा चष्मा लावून एक माणूस बसला होता. चेहरा अनोळखी होता, पण गुडघ्यावरचे हात भाऊंच्या जुन्या फोटोंतलेच होते, ते मी कुठेही ओळखले असते. मी म्हटलं, "भाऊ, तळेगावचा मास्तर." भाऊ दचकले. मग म्हणाले, "पाळणा आणलाय का?"

मोतीबिंदू होता. दोन्ही डोळ्यांचा. एकाचं ऑपरेशन आधी झालं, दुसऱ्याचं नुकतंच. वकिलांनी आयुष्यभराची उलटतपासणी तिथेच काढली आणि विचारलं, मोतीबिंदू केव्हापासून. भाऊ म्हणाले, झालं की वरीसभर. फोनवर सगळं दुधात बुडाल्यागत दिसायचं. फ दाबला की पुढचा शब्द फोन आपोआप काढून द्यायचा.

"म्हणजे वर्षभर तुम्हाला आमचे सांधे दिसतच नव्हते?" वकील म्हणाले. "मग फट कशी दिसली?"

"दिसायला कशाला पायजे?" भाऊ म्हणाले. "तुमी केलंय म्हंजी असणारच."

"मी पलंग तीनदा खोलला, भाऊ."

"मग? घावली का न्हाई?"

वकिलांनी चिकटपट्टीच्या बोटांवर तीन मोजले. मग म्हणाले, सापडली. तिन्ही वेळा सापडली.

मावशी पदर तोंडात धरून हसत होत्या. पण मला एक गोष्ट खटकत होती. डोळे बरे झाले, मग फोन बंद का? सून म्हणाली, डॉक्टरांनी धूळ नको म्हटलंय, फोनचं काही म्हटलेलं नाही. फोन यांनीच बंद करून गव्हाच्या डब्यात ठेवायला सांगितलाय. भाऊंनी तिला गप्प करायला हात वर केला, तो तसाच अर्धा राहिला.

"पयल्या डोळ्याची पट्टी निघाली," ते हळू म्हणाले, "आन समोर ह्यो देव्हारा. मीच केलेला, गेल्या साली. त्यात ही फट." त्यांनी बोट दाखवलं. "मग कपाट बघितलं, मांडणी बघितली. समद्यात फट. आता कुठल्या तोंडानं तुमाला बोलू?"

बाहेर घाटात गाडी चढत होती, तिचा आवाज घरात भरला आणि ओसरला. मग मावशी उठल्या. देव्हाऱ्याजवळ गेल्या, देवांना नमस्कार केला आणि कपाळाला आठी घालून, डोळा बारीक करून त्या सांध्याकडे बघू लागल्या. इतका वेळ बघितलं की भाऊ खुर्चीच्या कडेला सरकले.

"फट हाय," मावशी म्हणाल्या.

"मालगाडी जाईल," वकील म्हणाले.

"एकटी न्हाई जायची," मावशी म्हणाल्या. "आमच्या शिरगावची जत्रा बी जाईल तिच्याबरुबर. काय वो भाऊ, पॉलिश कुणाला इचारून मारलं?"

भाऊंचे खांदे आधी हलायला लागले, मग खुर्ची, मग माझ्या मते अख्खा उतार. चष्म्याखालून पाणी यायला लागलं तेव्हा सून धावली, डोळ्याला ताण देऊ नका म्हणाली आणि स्वतःच हसत सुटली. चहा झाला, त्याबरोबर कांदाभजी झाली. भाऊंनी वकिलांच्या बोटांची चौकशी केली.

मग पाळणा आत आणला. भाऊ म्हणाले, काळ्या चष्म्यातून मी शेरा देणार न्हाई, आता खोटं बोलायचं न्हाई. त्यांनी डोळे मिटले आणि प्रत्येक सांध्यावरून नख फिरवलं. पेन्शनच्या कागदांवर सही होताना मी एवढा घाबरलो नव्हतो. शेवटच्या सांध्यावर नख जरा थांबलं, पुन्हा फिरलं.

"मार तेल," भाऊ म्हणाले. "पावसाचं समदंच लाकूड फुगतंय, आत्ता कुणाचीच फट कळायची न्हाई. वैशाखात मी सोता येऊन बघतो."

त्याच संध्याकाळी तेल-मेण झालं. बारशाला भाऊ आले, काळा चष्मा लावून, सुनेला बरोबर घेऊन. बायकांनी पाळण्याभोवती गर्दी केली होती. आत्याने कानात नाव सांगितलं, पाठीत धपाटे खाल्ले. भाऊ बाळाऐवजी पाळणा किती डुलतोय ते बघत होते. ग्रुपातले बरेच जण आले होते. निम्मा वेळ लोक एकमेकांच्या चेहऱ्याकडे न बघता हाताकडे बघत होते आणि मग मिठी मारत होते. माझ्या व्याह्यांना हा काय प्रकार आहे ते अजून कळलेलं नाही.

काही दिवसांनी भाऊंचा चष्मा निघाला. त्याच दुपारी ग्रुपवर त्यांचा निरोप आला, आणि या वेळी तो चांगला लांब होता. मास्तर, बारशाचा फोटो मोठा करून बघितला. डोक्याकडची बाजू, खालून दुसरा सांधा. फट.

मी पडवीतून धावत आत गेलो. नात पाळण्यात झोपली होती. मी जमिनीवर आडवा पडून, गाल फरशीला लावून बघितलं, तर होती. केसाएवढी, पण होती. बायको म्हणाली, एवढं हसायला काय झालं, बाळ उठेल. मी तिला सांगायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

थोड्या वेळाने भाऊंचा आणखी एक फोटो आला. त्यांचा देव्हारा. पॉलिश पार खरवडलेलं, सगळे सांधे खोलून नव्याने बसवलेले, उघडं पिवळं लाकूड. खाली त्यांनी लिहिलं होतं की ग्रुपनं पास करावा, तोवर हात लावत नाही. मी फोटो जेवढा मोठा होतो तेवढा केला. एकेक सांधा बघितला. पोस्टकार्डही आत जाणार नाही असं काम होतं. आता पास केला तर भाऊ तेल लावून मोकळे होणार आणि दुपारची झोप काढणार.

मी फ दाबला. पुढचं फोनने काढून दिलं.