पितळी बटणं

सत्तर सालच्या आसपास नागपूरच्या सदर भागात, कॅथलिक चर्चमागच्या ओट्यावर एक सिस्टर कोटांची बटणं काढत बसलेली असायची. केरळची होती, पण मराठी आमच्या वस्तीतल्या बायांकडून शिकलेली, म्हणून बोलायची थेट आमच्यासारखी. तिचं नाव कोणी विचारलं नाही.

थंडी पडली की परदेशातून जुन्या कपड्यांचे गठ्ठे यायचे. वाटायच्या आधी ती कोटांची मोठी, नक्षीची बटणं काढायची आणि आपल्याकडच्या दुकानातली साधी काळी लावायची. मांडीवर कात्री असूनही दोरा दातानंच तोडायची.

माझ्या वाट्याच्या निळ्या कोटाला पितळी बटणं होती. आई हळहळली.

"काहून काढता, सिस्टर? कसे चमकून राहिले!"

"म्हणूनच तं," सिस्टर मान वर न करता म्हणाली. "शाळेत पोरी विचारतीन, कोट कोनं देल्ला? उत्तर तुमाले नाही, हिले द्या लागते."

आई थोडी रुसलीच.

तो कोट मी घातला, मग धाकट्या बहिणीनं. शाळेत आम्हाला कोणी काही विचारलं नाही. कोट कुठून आला, हे आज मी पहिल्यांदा सांगते आहे.