स्वस्तात पडलेला फोन

माझी थोरली बहीण बोलायला लागली, की आधी तिच्या बांगड्या किणकिणतात. जन्मापासून तिला ऐकू येत नाही, त्यामुळे तिची सारी वाणी हातांत उतरली आहे. बोटं, मनगटं आणि भिवया यांचं ते लगबगीचं संभाषण पाहताना कानांवर हिरव्या काचेचा मंजुळ नाद पडत राहतो, आणि ती स्वतः मात्र त्या नादापासून अगदी अनभिज्ञ! ही भाषा आम्हाला कुणी शिकवली नाही. गोंदियाजवळच्या गोरेगावात, आमच्या अंगणात, वाळत घातलेल्या धानावरच्या कोंबड्या हाकत बसलेल्या दोन भावंडांनी ती रचली. पाऊस, भूक, आईचा राग, मामाच्या मिशा, प्रत्येकाला आमची एकेक खूण होती.

लग्न होऊन ताई दवनीवाड्याला गेली, तेव्हा मला एकच घोर होता: तिथं हिच्याशी बोलणार कोण? पण दैव कधीकधी सासूच्या रूपानंही प्रसन्न होतं. त्या माउलीनं वर्षभरात ताईच्या बहुतेक खुणा आत्मसात केल्या आणि वर चार-दोन स्वतःच्या घातल्या. भाऊजी गाईसारखे गरीब, पण त्यांची मजल ‘जेवण’, ‘पाणी’ आणि ‘चल’ यांच्यापुढे कधी गेली नाही. मी फोन केला की ते सांगत, "बरी हाये, गुरुजी. काम करून राहिली." तेवढ्यावर मी निश्चिंत होत असे.

ताईच्या सासूबाई वैशाखात गेल्या. तेरवीच्या पंगती उठल्यावर ताईनं मला माजघरात ओढून नेलं. आता या घरात माझ्याशी बोलायला कुणी उरलं नाही, असं तिचे हात म्हणाले. मला भडभडून आलं. ज्यात समोरचं माणूस दिसतं तो नवा फोन तुला आणून देतो, असं मी छातीवर हात ठेवून सांगितलं. तिचा चेहरा असा उजळला, की मीच थोडा घाबरलो.

आणि मग मी हिशेबाला बसलो! गणिताचा मास्तर दुसरं काय करणार? ज्येष्ठात गोंदियाच्या एका दुकानात गेलो. थंडगार काचेआड फोन ओळीनं झोपले होते. दुकानदारानं माझी सारी हकीकत शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "वो तो ठीक है गुरुजी, पर आपके पास कौनसा है?" मी खिशातून माझा बटणांचा फोन काढला. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. तिच्या हातात फोन आला, तरी तिला मी दिसणार होतो कुठे? दोन्ही बाजू समान करा, असं पोरांना जन्मभर बजावणाऱ्या माणसाला समीकरणाची एकच बाजू दिसली होती. फोन दोन लागणार होते.

मग सुरू झाली तुलना. रोखीनं घ्यावेत, तर गाठीचं सारं एकदम सुटणार. किस्तीनं घ्यावेत, तर ‘बिनव्याजी’ हा शब्द मोठा मोहक, पण रोखीची सूट जाते आणि वर कागदपत्रांचं शुल्क बसतं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! ऑनलाइन भाव उतरलेला दिसे, पण फोन बिघडला तर भांडायचं कुणाशी? जुना देऊन नवा घ्यावा, तर माझ्या बटणवाल्याची किंमत ऐकून मला त्याचीच कीव आली. वापरलेला घ्यायचा म्हटलं, तर बहिणीला कुणाचं उष्टं का द्यावं? शेवटी दुकानदारच म्हणाला, "दिवाली तक रुक जाइए, भाव गिरेगा."

थांबणं! हा मार्ग माझ्या रक्तातलाच. आठवडी बाजार उठता उठता भाजी घ्यावी, दिवेलागणीला वांगी निम्म्या भावात मिळतात, हे ज्ञान मला वडिलांकडून वारशानं आलेलं. थांबायला पैसा पडत नाही, हे आमच्या घरातलं ब्रह्मवाक्य. तेव्हा मी समाधानानं थांबलो. दवनीवाडा म्हणजे काही परदेश नव्हे, दोन एसटी बदलल्या की आलंच. पण फोन घेऊनच जाऊ, असं म्हणत तेही राहिलं. श्रावणात एकदा बायको फणकारली, "तिकडं बाई एकल्या बसून राहिल्या न तुमी अजून हिसाबच करून राहिले? कायले पायजे एवढा हिसाब?" मी तिला उतावळ्या नवऱ्याची आणि गुडघ्याच्या बाशिंगाची म्हण ऐकवली आणि वर्तमानपत्रात तोंड खुपसलं.

धनत्रयोदशीला भाव खरोखरच उतरला. भाऊजी कामानिमित्त गोंदियाला आले होते. दुकानातच ताईचा फोन मी त्यांच्या हाती दिला आणि दुकानदारानं तो कसा लावायचा ते त्यांना दोनदा दाखवलं. भाऊबीज चार दिवसांवर होती, पण मला तेवढाही धीर निघेना. संध्याकाळी मी फोन लावला.

पडद्यावर ताई आली. तिचे दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून भाऊजी समोर फोन धरून बसले होते. तिनं आधी काचेवरच माझ्या गालावरून बोट फिरवलं. मग अंगठा बोटावर घासून विचारलं, केवढ्याला पडला? मी वाटच पाहत होतो त्या प्रश्नाची! थांबलो म्हणून दोन्ही मिळून अठराशे रुपये वाचले, हे मी तिला खुणांनी मोठ्या ऐटीत सांगितलं.

मग तिनं डावा हात वर केला आणि एकेक बोट मिटत गेली. पहिलं बोट, नांगरणी. दुसरं, रोवणा, चिखलात वाकून रोपं लावण्याची आमची खूण. तिसरं, पोळ्याचे बैल. चौथं, गणपती. पाचवं, लवकर पिकणाऱ्या हलक्या धानावरचा विळा. पाच महिन्यांची मूठ मिटली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

"काय म्हणून राहिली, गुरुजी?" फोनमागून भाऊजींनी विचारलं.

ताईनं मग ते पहिलं बोट पुन्हा उघडलं आणि नांगरणीच्या दिवसांपासून एकेक गोष्ट सांगायला सुरुवात केली.